अडीच गुंठ्यांची बांधिलकी

ब्रिटनमधील एखाद्या जुन्या शहरातून आगगाडी बाहेर पडू लागली, की रुळांच्या कडेला जमिनीचे लांबट, एकमेकांना लागून आखलेले तुकडे दृष्टीस पडतात. कोठे कोबीच्या रांगा, कोठे काठ्यांवर चढवलेला घेवडा, तुकड्याच्या टोकाला एखादे लाकडी खोपटे आणि पावसाचे पाणी साठविणारे पिंप. हे शेत नव्हे आणि घरामागची परसबागही नव्हे. तेथील लोक त्याला 'अलॉटमेंट' म्हणतात. स्वतःच्या कुटुंबापुरती भाजी व फळे पिकविण्यासाठी नागरिकाला अल्प खंडाने मिळालेली ही जमीन असते आणि ती बहुधा स्थानिक नगरपरिषदेची असते.

या नीटनेटक्या रांगांत अधूनमधून एखादा तुकडा निराळा दिसतो. कमरेइतके गवत, काटेरी झुडपांनी गिळलेले खोपटे, कधीकाळी रोवलेल्या काठ्यांचा गंजलेल्या तारांनी बांधलेला सांगाडा. जमीन मिळावी म्हणून शेकडो लोक वर्षानुवर्षे यादीत ताटकळत असताना हा तुकडा ओसाड का, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर केवळ 'आळस' या एका शब्दात देता येत नाही. ते शोधताना जमिनीचा इतिहास, कायद्याची रचना आणि माणसाच्या उत्साहाचा स्वभाव, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

हक्काचा उगम

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील गावोगावच्या सामाईक जमिनी पार्लमेंटच्या कायद्यांनी कुंपणात गेल्या आणि खासगी मालकीच्या झाल्या. गुरे चारण्याचा, जळण गोळा करण्याचा परंपरागत हक्क शेतमजुरांच्या हातून निसटला. त्यांची उपासमार थोडी तरी टळावी, म्हणून काही गावांत गरिबांसाठी जमिनीचे लहान तुकडे राखून ठेवण्यात आले. विल्टशर परगण्यातील ग्रेट सॉमरफर्ड या गावी १८०९ पासून असे तुकडे कसले जात आहेत. दानधर्म म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था हळूहळू हक्काच्या रूपात आली. १८८७ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर प्रथम जबाबदारी टाकली आणि १९०८ च्या 'स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स' कायद्याने ती पक्की केली. इंग्लंड व वेल्समधील सहा मतदारांनी वा करदात्यांनी एकत्र येऊन मागणी केली, तर स्थानिक परिषदेला तिचा विचार करावा लागतो. गरज खरी असेल, तर जमीन उपलब्ध करून देणे हे तिचे कर्तव्य ठरते.

१९२२ च्या कायद्याने 'अलॉटमेंट गार्डन' म्हणजे काय, हे ठरवून दिले. जमीन ४० पोलपेक्षा मोठी नसावी आणि ती धारकाने मुख्यतः स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरासाठी भाजीपाला वा फळे पिकविण्याकरिता कसलेली असावी. या व्याख्येतील 'कसलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे. जमीन ताब्यात असणे पुरेसे नाही. ती कसली जात असेल, तरच ती अलॉटमेंट.

येथे मोजमापाची एक गंमत मराठी वाचकाला आपली वाटेल. 'पोल' किंवा 'रॉड' हे साडेसोळा फुटांचे जुने इंग्रजी माप आहे आणि एका एकरात १६० चौरस रॉड बसतात. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर दिसणारा गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. एकराचा चाळीसावा भाग. अर्थात एक गुंठा म्हणजे बरोबर चार चौरस रॉड. ब्रिटनमधील पूर्ण आकाराची अलॉटमेंट परंपरेने दहा रॉडची असते. म्हणजे नेमके अडीच गुंठे, सुमारे २५० चौरस मीटर. चौकोनी कुटुंबाची वर्षभराची बरीचशी भाजी तेवढ्यात निघावी, असा त्यामागचा हिशोब.

भरती आणि ओहोटी

पहिल्या महायुद्धात अन्नाची आयात धोक्यात आली, तेव्हा अशा भूखंडांची संख्या १९१८ पर्यंत सुमारे १५ लाखांवर गेली. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये, 'डिग फॉर व्हिक्टरी' म्हणजे 'विजयासाठी खणा' ही मोहीम निघाली. उद्याने, क्रीडांगणे, इतकेच काय, लंडनच्या 'टॉवर' किल्ल्याचा कोरडा खंदकही भाजीपाल्याखाली आला. त्या काळात भूखंडांची संख्या पुन्हा १४ लाखांच्या घरात पोहोचली.

युद्ध संपले. १९५४ मध्ये शिधावाटपही संपले आणि दुकानात सर्व काही मिळू लागल्यावर कुदळीची गरज उरली नाही. तुकडे ओस पडू लागले. या अवस्थेची पाहणी करण्यासाठी सरकारने भूगोलाचे प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. अलॉटमेंटला गरिबांच्या सोयीऐवजी सर्वांच्या विरंगुळ्याच्या बागेचे रूप द्यावे, असे त्या अहवालाचे सूत्र होते. मात्र त्यातील शिफारशींची फारशी अंमलबजावणी झाली नाही. १९९० च्या दशकातील पाहणीत इंग्लंडमध्ये जेमतेम तीन लाख भूखंड उरल्याचे दिसले. त्यांतील चाळीस हजारांहून अधिक रिकामे होते आणि प्रतीक्षायादीत सुमारे १३ हजार नावे होती.

नंतर वारे फिरले. रसायनमुक्त अन्नाची ओढ, पर्यावरणाची जाणीव, वाढती महागाई आणि २०२० मधील कोविडच्या टाळेबंदीत घराबाहेरच्या मोकळ्या तुकड्याचे उमगलेले मोल, या सर्वांमुळे मागणी वाढतच गेली. २०२३ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली गोळा झालेल्या आकड्यांनुसार ब्रिटनमधील प्रतीक्षायाद्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज होते. पूर्वी माणसे नव्हती म्हणून जमीन पडीक राहत असे. आता रांगेत माणसे उभी असतानाही काही जमीन पडीक राहते. आजच्या ओसाड तुकड्याचा प्रश्न जुन्यापेक्षा वेगळा आहे तो यामुळे.

स्वस्त खंड, महाग वेळ

अलॉटमेंटचा वार्षिक खंड अगदी माफक असतो. ठिकाणानुसार तो काही दहा पौंडांपासून शंभर-सव्वाशे पौंडांपर्यंत जातो. ज्या शहरांत घरबांधणीसाठी त्याच जमिनीचे मोल डोळे पांढरे करील इतके आहे, तेथे ही रक्कम नाममात्रच म्हणावी लागेल. बाजारात एखादी वस्तू कमी आणि गिऱ्हाइके जास्त असली, की किंमत वाढते आणि मागणी आपोआप आटोक्यात येते. येथे तसे होऊ दिले जात नाही. कारण खंड वाढविला, तर ज्यांच्यासाठी ही सोय निर्माण झाली तेच बाहेर फेकले जातील.

किंमत हे काम करीत नसेल, तर दुसऱ्या कशाने तरी ते करावे लागते. अलॉटमेंटच्या व्यवस्थेत ते दोन गोष्टी करतात : रांग आणि श्रम. जमीन हवी असेल, तर रांगेत थांबावे लागते आणि ती राखायची असेल, तर राबावे लागते. खरा खंड पैशांत नसून घामात भरायचा असतो. मात्र पैशांचा खंड इतका थोडा असतो, की जमीन न कसताही ती धरून ठेवणे परवडते. 'यंदा जमले नाही, पुढच्या वसंतात बघू' असे म्हणत माणूस वर्षाचे पैसे भरून टाकतो. पैशांचा खंड वेळेवर पोहोचतो आणि जमीन मात्र थकबाकीत जाते.

उत्साहाचे पंचांग

भूखंड ओसाड होण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो, दुकानांत बियांची रंगीत पाकिटे येतात आणि नवा खंडकरी नव्या कुदळीसह हजर होतो. पहिल्या दोन-तीन रविवारी सारे कुटुंब येते. बटाटे लावले जातात, मुळा व लेट्यूस पेरले जाते. खरी परीक्षा मे-जूनमध्ये सुरू होते. ब्रिटनच्या उत्तरेकडील अक्षांशांमुळे या काळात रात्री नऊनंतरही उजेड असतो. या उजेडाचा लाभ पिकापेक्षा तण आधी उठविते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या लागतात आणि कुटुंब तीन आठवडे गावाला जाते. नेमक्या त्याच आठवड्यांत घेवडा रोज तोडावा लागतो, टोमॅटोला पाणी द्यावे लागते आणि बोटाएवढी झुकिनी चार दिवसांत हाताएवढी होते. परतल्यावर दिसणारे दृश्य असे असते, की कोठून सुरुवात करावी हेच कळत नाही. मग एक रविवार चुकतो आणि त्यामागून दुसरा. सप्टेंबरपर्यंत तिकडे जाण्याचीच लाज वाटू लागते.

ही लाज समजून घेण्यासारखी आहे. पुष्कळ भूखंड कंटाळ्यापेक्षा संकोचाने अधिक ओसाड होतात. शेजारच्या वाफ्यावर राबणाऱ्या वयस्क खंडकऱ्याची नजर चुकवावी, म्हणून माणूस येण्याचेच टाळतो. याखेरीज आजारपण, बाळंतपण, नोकरीतील बदली, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा अशी कारणेही असतात. ती दोषाची नसतात, आयुष्याची असतात. परंतु कारण कोणतेही असो, तणाला त्याचे सोयरसुतक नसते.

तणाचे चक्रवाढ व्याज

ब्रिटनमधील बागकाम करणाऱ्यांना तीन तणांची विशेष धास्ती वाटते. पहिले 'काउच ग्रास'. आपल्याकडील हरळीप्रमाणे त्याच्या आडव्या मुळ्या जमिनीखाली पसरतात. दुसरे 'बाइंडवीड'. याची एक जात महाराष्ट्रातील गव्हाच्या शेतात चांदवेल म्हणून ओळखली जाते. तिच्या पांढऱ्या, ठिसूळ मुळाचा लहानसा तुकडा मातीत राहिला, तरी नवा वेल फुटतो. तिसरे 'हॉर्सटेल'. ते अतिप्राचीन कुळातील असून त्याची मुळे दोन मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात.

घाईने भाड्याचा रोटाव्हेटर फिरविणे, ही नवख्याची नेहमीची चूक. त्याने जमीन एका दुपारी भुसभुशीत व देखणी होते. पण प्रत्येक मुळाचे शंभर तुकडे होऊन शंभर नवी रोपे उगवतात. वार्षिक तणांचे गणित वेगळे असले, तरी तितकेच कठोर आहे. एका हंगामात तण बियांवर येऊ दिले, तर सात वर्षे खुरपावे लागते, अशा अर्थाची इंग्रजीत जुनी म्हण आहे. मातीत पडलेले बी एकाच वेळी उगवत नाही. काही यंदा, काही पुढल्या वर्षी, काही खणताना वर आल्यावर उगवते. जून महिन्यातील अर्ध्या तासाची खुरपणी चुकली, की तिची परतफेड पुढील काही वर्षे हप्त्याहप्त्याने करावी लागते. कर्जावरील चक्रवाढ व्याजाची कल्पना मुलांना समजावून देण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

शिवाय हे व्याज एकट्याच्या खात्यावर चढत नाही. वाऱ्यासोबत बी शेजारच्या वाफ्यात जाते आणि मुळे बांधाखालून सरकतात. काढणीनंतर मातीत विसरलेल्या बटाट्यांतून करपा पुढील वर्षी पुन्हा डोके काढतो आणि ओलसर हवेत शेजाऱ्यांच्या बटाट्या-टोमॅटोवर उतरतो. उंच गवतात स्लग, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगायी, आसरा घेतात आणि रात्री पलीकडच्या कोबीवर जातात. ओसाड तुकडा हा धारकाचा खासगी प्रश्न राहत नाही, तो असा.

कायदा काय सांगतो

जमीन सुटू नये, म्हणून कायद्याने खंडकऱ्याला चांगले संरक्षण दिले आहे. सामान्यतः करार संपवायचा, तर जमीनमालकाने बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते. तीही अशी, की तिची मुदत ६ एप्रिलला वा त्यापूर्वी, अथवा २९ सप्टेंबरला वा त्यानंतर संपावी. पीक उभे असताना कोणी बाहेर काढले जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

निष्काळजीपणाला मात्र इतकी सवलत नाही. १९०८ च्या कायद्यानुसार खंड ४० दिवस थकला, किंवा करार सुरू होऊन निदान तीन महिने झाल्यावर खंडकरी नियम पाळत नसल्याचे दिसले, तर परिषद एक महिन्याच्या सूचनेने करार संपवू शकते. जमीन कसणे हा बहुतेक करारांतील पहिला नियम. बँकिंग क्षेत्रातील वाचकांना ही मुदत ओळखीची वाटेल. मुदतकर्जाचा हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले, की कर्जखाते अनुत्पादक ठरते. तीन महिने म्हणजे अडचण आणि सवय यांतील फरक कळण्याइतका काळ, असे दोन्हीकडच्या नियमकर्त्यांना वाटले असावे.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी थेट सूचना देत नाहीत. जागेचे सचिव, जे बहुधा स्वतःही खंडकरी असून विनावेतन हे काम पाहतात, हंगामात फेरी मारतात. आधी तोंडी विचारपूस, मग सुधारणेसाठी मुदत देणारे पत्र, मग पुन्हा पाहणी आणि अखेरीस करार संपविण्याची सूचना, असा क्रम असतो. यातील अवघड भाग माणसांचा असतो. तीस वर्षे एकच तुकडा फुलविणाऱ्या आणि आता गुडघ्यांनी साथ सोडलेल्या वृद्धाला पत्र कसे पाठवायचे? आणि न पाठवावे, तर यादीत पाच वर्षे थांबलेल्या तरुण कुटुंबाला काय सांगायचे? शहाणे सचिव येथे मधला मार्ग काढतात. भूखंडाचे दोन भाग करून अर्धा वृद्धाकडे ठेवतात, किंवा यादीतील एखाद्याला सहकारी म्हणून जोडून देतात. एकाला हात मिळतात, दुसऱ्याला अनुभव. हे घडण्यासाठी एकच अट असते, ती म्हणजे अडचण वेळेवर सांगण्याची. न सांगता गायब होणाऱ्याला मदत करणे कोणालाच शक्य नसते.

या दक्षतेमागे आणखी एक भीती आहे. १९२५ च्या कायद्यानुसार अलॉटमेंटसाठीच घेतलेली जमीन सरकारच्या संमतीशिवाय विकता वा अन्य कामासाठी वापरता येत नाही. संमती देताना त्या जागेचा वापर होतो की नाही आणि प्रतीक्षायादी किती आहे, याचा विचार होतो. भूखंड रिकामे वा पडीक दिसू लागले, की 'येथे गरज उरलेली नाही' असा युक्तिवाद करणे सोपे जाते. शंभर वर्षांपूर्वी मिळालेला हक्क टिकविण्याचे काम कागदापेक्षा खुरपे अधिक करते.

जर्मनीतही याच प्रकारच्या बागा आहेत. लाइपझिगचे डॉक्टर मोरिट्झ श्रेबर यांच्या नावावरून त्यांना 'श्रेबरगार्टन' म्हणतात. तेथील १९८३ च्या कायद्याने बागेची मर्यादा ४०० चौरस मीटर आणि खोपट्याची २४ चौरस मीटर ठरविली आहे. बागेचा साधारण एक तृतीयांश भाग फळे व भाजीपाल्यासाठीच वापरावा, असे तेथील न्यायालयानेही २००४ मध्ये मान्य केले. देश बदलला, तरी सूत्र तेच : जमीन सवलतीत मिळते, म्हणून ती पिकविण्याचे बंधन.

टिकून राहणाऱ्यांची रीत

वर्षानुवर्षे टिकलेल्या खंडकऱ्यांच्या पद्धतीत काही गोष्टी समान आढळतात. ते सर्व जमीन एकदम खणत नाहीत. चौथा हिस्सा साफ करून त्यात पेरतात आणि उरलेल्यावर जाड पुठ्ठा वा काळे ताडपत्रीसारखे आच्छादन घालतात. प्रकाश तुटला, की बरेचसे तण वर्षभरात कमजोर होते. घराजवळचा तुकडा ते लांबच्या मोठ्या तुकड्यापेक्षा पसंत करतात. कारण वाटेत थांबून वीस मिनिटे काम करता येते. महिन्यातून एक अख्खा दिवस राबण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन लहान फेऱ्या ते अधिक फलदायी मानतात. घरात जे खाल्ले जाते तेच लावतात. कोबीवर कबुतरांसाठी जाळी आधी घालतात, नुकसान झाल्यावर नव्हे. सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला 'तोडून खा' असे सांगून जातात. अनेक परिषदाही आता नवख्याला पूर्ण दहा रॉडऐवजी पाच रॉड, म्हणजे सव्वा गुंठाच देतात.

या सातत्याचे फळ केवळ टोपलीत मावणारे नसते. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी लेस्टर शहरातील अलॉटमेंटच्या मातीचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या मातीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण शेतजमिनीपेक्षा ३२ टक्क्यांनी अधिक आढळले. पिढ्यान्‌पिढ्या घातलेले कंपोस्ट आणि शेणखत तेथे साठले आहे. त्याच लेस्टरमध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. तेथील वाफ्यांत बटाट्या-कोबीच्या शेजारी मेथी व कोथिंबीरही दिसते.

भारतीय शहरांत अडीच गुंठे सार्वजनिक जमीन भाजीसाठी मिळण्याची सोय नाही. परंतु गच्चीवरील कुंड्या, वसाहतीच्या आवारातील वाफा किंवा गावाकडील घराचे परसू यांनाही हाच नियम लागू पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर वीस कुंड्या आणून दिवाळीपर्यंत त्या वाळू देण्यापेक्षा चार कुंड्यांतली मिरची-कोथिंबीर वर्षभर राखणे केव्हाही श्रेयस्कर. आवर्ती ठेवीची उपमा येथे चपखल बसते. पहिला हप्ता मोठा असून भागत नाही. प्रत्येक महिन्याचा हप्ता त्या-त्या महिन्यात पडावा लागतो. म्हणून कोणताही तुकडा मागण्यापूर्वी 'किती जागा मिळेल' याआधी 'जून महिन्यात, सर्वांत कामाच्या आठवड्यात, किती वेळ देता येईल' हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे जे प्रामाणिक उत्तर येईल, तेवढीच जमीन आपली.